कमी दिलं की पळते

लग्न होऊन नऊच दिवस झाले होते. थोरली सून स्वयंपाकघरात दाराआड भांडी विसळत होती आणि पुढच्या खोलीत सासरे आणि धाकटा दीर यांची चांगलीच जुंपली होती.

"तिला जास्त दिलं की ती जास्त पळणार. सरळ गोष्ट आहे!" सासरे कडाडले. "चाळीस वर्षं मी हेच बघत आलोय."

"नाही, बाबा." दिराचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. भांडतानासुद्धा तो शेजारी कुणी निजलेलं असावं अशा बेतानं भांडायचा. "तिला कमी दिलं की ती पळते. भरपूर दिलं तर शांत राहते, ताब्यात राहते. आणि काहीच दिलं नाही ना, तर सुटेलच. मग ती तुमच्या हाताला लागायची नाही आणि माझ्याही."

"तू मला शिकवतोस? तिच्यासारख्या छप्पन्न पाहिल्यात मी!"

"पाहिल्या असतील. पण समजून किती घेतल्यात?"

सुनेच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. नऊ दिवस झाले नाहीत तर घरात हिला किती वाढायचं यावर वाद! आणि तो खाली मान घालून वावरणारा दीर, त्याच्या मते ही पळून जाणार! त्या दिवशी सासूबाईंनी तिच्या ताटात दोन घास जास्तच वाढले आणि म्हणाल्या, "खा गं, लाजू नकोस." तिला वाटलं, झालं, दिराचं म्हणणं पटलं वाटतं सगळ्यांना. तिनं मुकाट्यानं ताट स्वच्छ केलं. पुढचे पंधरा दिवस ती भूक नसतानाही जेवत होती, उगाच कुणाला शंका नको म्हणून.

शेवटी तिला राहवेना. नवरा सुतार, संध्याकाळी रंधा पुसत बसला होता. "अहो," ती म्हणाली, "भाऊजींना एकदा सांगा, मी कुठेही पळून जाणार नाही. मला माझं घर आवडलंय. पण एवढं जेवण मला जात नाही."

सगळं ऐकून नवरा इतका हसला की कानावरची पेन्सिल खाली पडली. "अगं, मोटर! मोटरीबद्दल भांडत होते ते. दवाखान्यातल्या बागेच्या गाडीची मोटर!"

आता यात तिचा काय दोष? आपल्या बोलण्यात सूनही 'ती' आणि मोटरही 'ती'.

सासरे जळक्या मोटरी पुन्हा बांधून द्यायचे. पुढच्या खोलीत तांब्याच्या तारेची रिळं आणि रोगणाचा वास, बसायला जागा म्हणून नाही. धाकटा त्या वासातच वाढला आणि पुढे गावाच्या टोकाला छातीच्या रोग्यांचा दवाखाना होता तिथे वायरमन म्हणून लागला. त्या दवाखान्याभोवती भलंमोठं पटांगण होतं आणि तिथलं गवत कापायला एक विजेचा ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टर म्हटला की मोठं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, हा वासराएवढा. एका माणसाचं आसन, पोटाखाली गवत कापायची पाती, पुढच्या झाकणाखाली तीन आणि आसनामागे तीन अशा सहा जाडजूड बॅटऱ्या. धूर नाही, फटफट नाही. दवाखान्याच्या खिडक्या दिवसभर उघड्या असायच्या आणि आत माणसं एकेका श्वासाशी झटत असायची. तिथे धूर ओकणारं यंत्र फिरवायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. दीर नोकरीला लागला तेव्हाच ती गाडी जुनी होती. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, आणि तिच्याबरोबर आलेल्या पुस्तकाची निम्मी पानं उंदरांनी वाचली होती.

नव्या वहिनीनं काय ऐकलं आणि काय समजली हे कळल्यावर दीर कानापर्यंत लाल झाला. दोन दिवस समोर आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, या. दाखवतोच तुम्हाला."

त्यानं फळीवर एक मोटर ठेवली होती आणि शेजारी बॅटरी. "हिच्या पोटात दोघीजणी आहेत," तो म्हणाला. "एक आतली, ती फिरते. एक बाहेरची, ती जागची हलत नाही, नुसती चुंबक होऊन बसते. तिला आम्ही फील्ड म्हणतो. गाडीला वेगाचा एक दांडा आहे, त्याला सात खटके. पहिल्या तीन खटक्यांना वीज आतलीकडे जाण्याआधी लोखंडी वेटोळ्यांतून जाते. शेगडीत असतात ना, तशी वेटोळी. तिथे वीज अडते, तापून वाया जाते, आणि उरलेली आतलीला मिळते. म्हणून गाडी मुंगीच्या पावलांनी निघते. एकेक खटका पुढे केला की एकेक वेटोळं वगळलं जातं. चौथ्या खटक्याला सगळी वगळली. इथपर्यंत बाबांचंच खरं. जास्त दिलं की जास्त पळते."

"मग भांडलात कशाला?"

"पुढच्या तीन खटक्यांसाठी. आतलीला द्यायला आता आणखी शिल्लकच नाही, होती तेवढी बॅटरी लावून झाली. मग वेग वाढवायचा कसा? बाहेरचीचं कमी करायचं. आतली फिरते तेव्हा नुसती वीज खात नाही, फिरता फिरता स्वतः थोडी उलटी वीज तयार करते. ती येणाऱ्या विजेला दारातच थोपवते. म्हणून वेग एका जागी टिकतो. फील्ड कमी केलं की हे थोपवणं ढिलं पडतं. मग पहिल्याइतकंच थोपवायचं तर तिला आणखी जोरात फिरावं लागतं."

दुसरीतून शाळा सुटलेली ती. उलटी वीज, सुलटी वीज तिच्या डोक्यावरून गेली. पण ती म्हणाली, "म्हणजे जात्यासारखं. मूठभर दाणे टाकले की जातं जड होऊन संथ फिरतं. चिमूटभर टाकले की गरगर पळतं. आणि दाणे संपले तर रिकामंच सुटतं, दगडावर दगड खडाखडा."

दीर तिच्याकडे बघतच राहिला. "वहिनी, हेच बाबांना सांगाल का?"

"मी? सत्तावीस दिवसांची सून मी. मला काय माहेरी परत जायचंय?"

शेवटी त्यानंच सासऱ्यांना बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फील्ड थोडं थोडं कमी केलं. मोटरीचा आवाज चढत गेला. सासऱ्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कानाला लावून पाहिली, आणि निकाल दिला: "मोटर बिघडली आहे." आणि झोपायला गेले.

पुढे वीस वर्षं गेली. सासरे गेले, सासूबाई गेल्या. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. दीर मात्र त्याच घरात, त्याच खोलीत. त्याचं लग्न झालं नाही. मुलगी पाहायला गेला तेव्हा पसंती सांगायला इतका वेळ लावला की तेवढ्यात तिचं दुसरीकडे जमलं, असं थोरला सांगायचा. खरं किती देव जाणे. पण दवाखान्यात त्याला सगळे 'सावकाश' म्हणत हे खरं. एक बल्ब बदलायचा तर आधी बटण बंद, मग मुख्य बटण बंद, मग पुन्हा जाऊन पहिलं बटण पाहून यायचं, मग शिडी हलवून बघायची. तोवर पेशंट अंधारात झोपी जायचा. पण त्याच्या हातून कधी कुणाला साधा चटका बसला नव्हता. खिशात मात्र त्याचं सगळं दुकान. सासूबाईंचा जुना नियम होता, धुताना खिशात जे सापडेल ते घराचं. तोच वहिनीनं पुढे चालवला. त्याच्या स्क्रूंवर तिच्या घरातली निम्मी खुंटाळी लटकत होती.

गाडीवर बसायचा तो माळी. माळी म्हणजे याच्या अगदी उलट. बोलणं, चालणं, जेवणं सगळं घाईचं. दोघांचं रोज वाजायचं.

"सावकाशराव, आज सूर्य मावळायच्या आत गाडी मिळेल का?"

"तू सातव्या खटक्यावर गवत कापू नकोस, मग रोज मिळेल."

"गवत उंच झालंय!"

"उंच गवताला चौथा खटका. तिथे मोटरीला फील्ड भरपूर असतं, ताकद असते. सातव्याला नुसता वेग. मोकळ्या वाटेवर पळव हवी तेवढी."

त्या गाडीत एक जिन्नस होता, त्याचं नाव दिरानं 'राखणदार' ठेवलं होतं. काडेपेटीएवढा डबा, आत एक लहानशी पट्टी. फील्डची वीज चालू असेपर्यंत ती पट्टी ओढलेली राहायची. फील्ड तुटलं की टक् करून सुटायची आणि मोटरीची सगळी वीजच बंद. रिकामं जातं सुटू नये म्हणून ठेवलेला पहारेकरीच म्हणा ना.

एका मंगळवारी माळी तक्रार घेऊन आला की गाडी मध्येच थांबते. दिरानं ती ठोकळ्यांवर चढवली, दुपारभर तपासली. तिसऱ्या खटक्याचा कोळसा झालेला सापडला. तो घासून साफ केला. तपासताना फील्डची वायर काढावी लागते आणि राखणदार मध्ये मध्ये गाडी बंद करतो, म्हणून त्याला तेवढ्यापुरता चकवा द्यायचा. त्यासाठी दिराची एक खास वायर होती, वीतभर लाल, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे. ती राखणदाराच्या दोन टोकांना लावली की तो असून नसल्यासारखा. काम झालं की आठवणीनं काढायची. गाडी छान चालली. दीर घरी आला.

गुरुवारी सकाळी माळी गाडीवर बसून उतारावरून खाली येत होता. उतार काही डोंगराचा नव्हे, चेंडू ठेवला तर हळूहळू घरंगळेल एवढाच. एरवी तिथे मोटरच गाडीला मागे धरून ठेवायची. त्या दिवशी गाडीनं एकदम धाव घेतली. माळ्यानं दांडा मागे ओढला, पुढे ढकलला, घाबरून नक्की काय काय केलं हे त्यालाच आठवत नव्हतं. खाली दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. गाडी त्यांत घुसली, दोऱ्या तोडल्या आणि पलीकडचं लाकडी बाक आडवं करून थांबली, कारण तेव्हा कुठे माळ्याचा पाय ब्रेकवर पडला. चादरी गुंडाळलेला माळी बाहेर आला तो भुतासारखा. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी तेवढं बघून आठवडाभर हसत होती.

हसण्यासारखं तेवढंच होतं. त्या बाकावर रोज त्या वेळी एक निवृत्त मास्तर उन्हाला बसायचे. दोनच मिनिटांपूर्वी ते चष्मा आणायला आत गेले होते.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या, मोडलेलं बाक पाहिलं, आणि गाडी तिच्या शेडमध्ये घालून शेडला कुलूप ठोकलं. "सोमवारी मी स्वतः उघडीन," त्या म्हणाल्या. "गाडीची चूक असेल तर गाडी जाईल. माणसाची असेल तर ते तेव्हा बघू. तोवर हात कुणी लावायचा नाही."

दीर घरी आला आणि त्यानं आपली हत्यारांची पिशवी जमिनीवर उपडी केली. एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवली. पुन्हा सगळं भरलं, पुन्हा उपडी केली. मग जो गप्प झाला तो झालाच.

शुक्रवारी त्यानं जेवणाला नुसता हात लावला. शनिवारी तोही नाही. स्वयंपाकघरात खिडकीखाली त्याची जेवायची जागा. तिथे बसून तो समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. थोरल्यानं समजूत घातली, "अरे, बाकच मोडलंय ना? मी दुसरं करून देतो, याहून मजबूत." तर तो उठून खोलीत गेला.

रविवारी सकाळी वहिनी त्याच्यापुढे ताट आपटून बसली.

"भाऊजी, हे जेवा, नाहीतर बोला. दोन्हीतलं एक केल्याशिवाय मी इथून उठणार नाही. माझे गुडघे आधीच धड नाहीत, उठवायला तुम्हालाच यावं लागेल."

ताट बाजूला सारून तो म्हणाला, "वहिनी, मास्तर तिथे बसलेले असते तर."

"नव्हते ना पण."

"असते तर. आणि ते माझ्यामुळे झालं असतं. फील्ड तुटल्याशिवाय गाडी तशी सुटत नाही. फील्ड तुटलं तर राखणदारानं बंद करायला हवं. त्यानं केलं नाही. का नाही केलं? मी मंगळवारी त्याला चकवा दिला होता. तो काढला की नाही, मला आठवत नाहीये. तीन दिवस आठवतोय. हात पुसले ते आठवतं, झाकण लावलं ते आठवतं. चकवा काढल्याचं आठवत नाही. आणि ती वायर पिशवीत नाही. पिशवीत नाही म्हणजे ती गाडीतच आहे. उद्या बाई झाकण उघडतील आणि सगळ्यांसमोर ती तिथे लटकलेली असेल. काम गेलं तर जाऊ दे. पण पुन्हा कुठल्या वायरीला कुठल्या तोंडानं हात लावू मी?"

वीस वर्षं ज्याला घरादारानं सावकाश म्हणून चिडवलं, त्याच्याच हातून असं व्हावं? वहिनीनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कशी आहे हो ती वायर?"

"लाल. एवढीशी. दोन्ही टोकांना चिमटे."

वहिनीनं मान हळूहळू वर केली आणि त्याच्या डोक्यावरून खिडकीकडे पाहिलं.

"दातेरी?" तिनं विचारलं.

"हो."

"पितळेचे? एक जरासा वाकडा?"

दीर वळला. खिडकीचा पडदा एका बाजूला छान गोळा करून बांधलेला होता. त्याच्याभोवती लाल वायर, आणि तिचे दोन्ही चिमटे खिळ्याला घट्ट चावून बसले होते. तीन दिवस तो त्याच पडद्याखाली बसून उपाशी उठत होता.

"मंगळवारी संध्याकाळी तुमचा खाकी शर्ट भिजवला," वहिनी म्हणाली. तिचा स्वर चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता. "खिशात सापडली. मला वाटलं, काय सुबक वस्तू आहे, पडद्यालाच केल्यासारखी. धुण्यात सापडेल ते घराचं... भाऊजी, मला काय माहीत!"

"मंगळवारी?"

"मंगळवारी. बुधवारी मी धुणं काढत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणजे गुरुवारी ती गाडीत नव्हती."

"गुरुवारी ती माझ्या पडद्याला होती!"

दिरानं दोन्ही हात तोंडावर घेतले. खांदे गदगदा हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे तिला कळेना. बहुधा त्यालाही कळत नसावं. मग त्यानं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला. गार झालेलं सगळं जेवला, पुन्हा मागून घेतलं, आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, "पडदा मात्र तुम्ही चांगला बांधलाय."

"मेल्या!" ती म्हणाली. दिराला असं म्हणायची तिची ती पहिलीच वेळ. "तीन दिवस माझा जीव टांगणीला लावलात आणि आता पडद्याचं कौतुक!"

सोमवारी ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. त्यानं नको म्हटलं, पण ती म्हणाली, "साक्षीला कोण? पडदा येणार आहे का?"

शेडपाशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, बाजूला माळी. माळी त्या दिवशी एकदाही घाईत नव्हता. बाईंनी कुलूप काढलं. दिरानं गाडीच्या मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढले, एकेक करून, प्रत्येक स्क्रू रुमालावर ओळीनं ठेवत. बाईंचा पाय जमिनीवर ताल धरायला लागला.

आत राखणदार होता. त्याच्या पट्टीखाली एक आगकाडी खोचलेली होती. पट्टी सुटू म्हटली तरी सुटणार नाही अशी बसवलेली.

सगळे माळ्याकडे बघायला लागले. माळी छपराकडे बघत होता.

"कोणी घातली ही?" बाईंनी विचारलं.

दिराला ती काडी कुणाची हे समजलं होतं, कारण अख्ख्या दवाखान्यात विडी ओढणारा एकच माणूस होता आणि तो शेडमागे लपून ओढायचा. पण तो गप्प राहिला. वहिनीचं तोंड उघडणार होतं, तर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते मिटलं.

"मीच," शेवटी माळी म्हणाला. "बुधवारी पाच वेळा थांबली बाई. पाच वेळा! उतरा, झाकण उघडा, ती पट्टी बोटानं दाबा की चालू. शेवटी वैताग आला. म्हटलं, पट्टीलाच टेकू देऊ."

"वायरमनला का नाही बोलावलंत?"

"याला? याला बोलावलं असतं तर एवढ्यात कुठे आला असता? शनिवारपर्यंत स्क्रूच मोजत बसला असता." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "मला वाटलं, ती पट्टी बिघडलीय. उगाच थांबवते. मला काय ठाऊक, ती कशाला आहे ते."

दिरानं आसन उचललं. खालच्या स्प्रिंगजवळून फील्डची वायर गेलेली. स्प्रिंग घासून घासून तिचं आवरण गेलं होतं आणि तार तुटून दोन टोकं वेगळी झाली होती. "हे बघ," तो माळ्याला म्हणाला. "तू आसनावर बसलास आणि चाक खड्ड्यात गेलं की ही क्षणभर तुटायची. राखणदार बरोबरच थांबवत होता, दर वेळी. गुरुवारी ही पुरतीच तुटली आणि त्याला थांबवता आलं नाही. मंगळवारी मी गाडी ठोकळ्यांवर चढवून तपासली. आसनावर कुणी बसलेलंच नव्हतं, म्हणून मला ही सापडली नाही. एक बिघाड मिळाला आणि मी खूश होऊन घरी गेलो. ती माझी चूक. काडी तुझी. आणि ही पट्टी कशासाठी आहे हे वीस वर्षांत तुला कधी सांगितलं नाही, तीही चूक माझीच."

"कशासाठी आहे, मलाही सांगा," बाई म्हणाल्या. "गाडीची वीज तुटली आणि गाडी पळाली? उलटंच आहे सगळं."

दिरानं सुरुवात केली, आतली, बाहेरची, उलटी वीज. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. शेवटी वहिनीला राहवलं नाही. तिनं जातं सांगितलं. मूठभर दाण्यांचं, चिमूटभर दाण्यांचं आणि रिकामं. "आणि हा राखणदार म्हणजे दाणे संपले की जात्यावरचा हात काढून घेणारा," ती म्हणाली. "यानं त्याचे हातच बांधून ठेवले."

"अस्सं," बाई म्हणाल्या. आठ्या गेल्या. "तुम्ही हे कुठे शिकलात?"

"दाराआडून," वहिनी म्हणाली.

गाडी राहिली. बाईंनी एवढंच ठरवून दिलं की यापुढे रोज सकाळी वायरमननं राखणदार तपासल्याशिवाय कुणी आसनावर बसायचं नाही. माळ्यानं विडी सोडली असं तो सांगत असे; निदान आगकाड्या तरी त्याच्याजवळ पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. थोरल्यानं नवं बाक करून दिलं. मास्तर त्यावर बसून बघितल्यावर म्हणाले, जुनं जास्त मऊ होतं.

आणि दीर? त्या दिवशी घरी परतताना तो वाटेत दोनदा थांबला. वहिनीला वाटलं, चक्कर येतेय की काय. तर तो म्हणाला, "काही नाही. श्वास नीट येतोय का बघतोय. चार दिवस आलाच नव्हता." लाल वायर त्यानं परत मागितली. तिनं दिली, पण त्याच्याकडून पडद्यासाठी पितळेचा आकडा करून घेतल्यावरच.

सकाळची ती तपासणी मग त्याचा धर्मच झाला. साडेसातला शेडमध्ये. किल्ली लावायची, फील्डची वायर हातानं काढायची, टक् ऐकायचं. नोकरीतून निवृत्त झाला तरी हे काम त्याच्याकडेच राहिलं. काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही आणि सोडायचं त्याला. बॅटऱ्या तीनदा बदलल्या, पाती कितीदा बदलली, माळीसुद्धा बदलला. नवीन आली ती माळीणबाई होती, बोलायला कमी आणि कामाला चोख. तिला त्यानं पहिल्याच दिवशी सगळं समजावलं. जात्यापासून सुरुवात केली, आतली-बाहेरची नंतर.

तो गेला एका मंगळवारी दुपारी, जेवून पडला होता तिथेच, कुणाला कसला त्रास न देता. वहिनीला पुष्कळ दिवस बरं वाटायचं ते एवढ्याच गोष्टीचं, की माणूस पोटभर जेवून गेला. पण ते दुपारचं. सकाळी तो नेहमीसारखाच शेडमध्ये गेला होता.

साडेसातला शेड उघडली. चाकांना ठोकळे लावले. बॅटऱ्यांची झाकणं काढून पाणी पाहिलं. पाचवीत कमी होतं, तेवढं घातलं. दांडा मागे, किल्ली चालू. आसन उचलून फील्डची वायर काढली. टक्. दांडा एक खटका पुढे करून पाहिला. गाडी जागेवर. दांडा मागे, वायर परत बसवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. आसन खाली ठेवून त्यावर स्वतः बसला, दोनदा उसळी मारली, राखणदाराचा आवाज येतो का ऐकलं. आला नाही. मग उतरून ठोकळे काढले.

"जा," तो माळीणबाईला म्हणाला. "उतारावर चौथ्याच्या वर जाऊ नकोस."

"माहितीये काका, रोज सांगता."

"रोज उतार आहे ना."

गाडी गवतावर गेली, आवाज न करता. वहिनीनं येताना दोन लिंबं आणायला सांगितली होती. तो कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला आणि टोपलीतलं एकेक लिंबू उचलून, दाबून, उजेडात धरून बघायला लागला.

"अहो सावकाश," दुकानदार म्हणाला, "लिंबू आहे ते. मोटर नाही."

"असू दे," तो म्हणाला, आणि आणखी एक उचललं.